बोर्डिंग, वखार आणि विधिमंडळ

निपाणीची मुलं कॉलेजला जातात तेव्हा राज्य बदलतात. गाव कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यात. देवचंद कॉलेज मात्र अर्जुननगरला, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यात. १९६० साली सुरू झालेलं हे कॉलेज शिवाजी विद्यापीठाला जोडलेलं आहे आणि तिथे शिकणाऱ्या कितीतरी मुलामुलींची घरं, रेशनकार्डं आणि आईवडिलांची मतं सीमेच्या अलीकडे आहेत. जातायेताना कुणी अडवत नाही. दाखला काढायची, सवलतीचा अर्ज भरायची वेळ आली की मग ती रेघ पायात येते.

अशा गावाने निवडून दिलेल्या आमदाराने काय करावं, असा प्रश्न इथे कुणाला विचारला तर पहिलं उत्तर सीमाप्रश्नाचं येतं, आणि ते स्वाभाविक आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. १९६७ च्या महाजन आयोगाने बेळगाव शहर कर्नाटकातच ठेवायला सांगितलं, पण निपाणी, खानापूर, नंदगड महाराष्ट्राला द्यावेत अशी शिफारस केली. महाराष्ट्राने अहवाल नाकारला, शिफारस कागदावर राहिली, आणि २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. या प्रश्नासाठी माणसं तुरुंगात गेली, काहींनी जीव दिला. मराठी माणसाच्या मनातली ती जागा मोठी आहे आणि राहणार.

पण त्याच काळात या भागात पोरं जन्मत होती, शाळेत जात होती, शाळा सोडून तंबाखूच्या वखारीत कामाला लागत होती. त्यांच्यासाठी लोकप्रतिनिधींनी काय केलं, हा इतिहास आपण फार थोडा सांगतो. निपाणीच्या मातीत तो चांगला शंभर वर्षांचा आहे, आणि त्याची सुरुवात विधिमंडळात झाली नाही. ती एका बोर्डिंगात झाली.

एप्रिल १९२५ मध्ये निपाणीत मुंबई इलाख्याची प्रांतिक बहिष्कृत परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. तोवर ते विधिमंडळाचे सभासद झाले नव्हते, महाडचा सत्याग्रह दोन वर्षं पुढे होता. निपाणी निवडली गेली यात आश्चर्य नाही. इथून कोल्हापूर एका सकाळच्या प्रवासावर, आणि कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून जातीजातींच्या मुलांसाठी बोर्डिंगं काढली होती. अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग होतं. १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं होतं. १९२० ची माणगावची परिषद, जिथे शाहू महाराजांनी तरुण आंबेडकरांना लोकांपुढे आणलं, तीही याच पट्ट्यातली. शिकायचं तर राहायची सोय लागते, ही गोष्ट दक्षिण महाराष्ट्राला तेव्हाच कळली होती.

आज वसतिगृह म्हटलं की आपल्याला खोलीचं भाडं आणि मेसचं बिल आठवतं. तेव्हाचं गणित वेगळं होतं. हायस्कूल असायचं तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी. खेड्यातला अस्पृश्य मुलगा चौथी पास झाला तरी पुढे शिकायला गावात जाऊन राहणार कुठे? भाड्याने खोली कुणी देणार नाही, खानावळीत पान वाढणार नाही, पाण्याला हात लावू देणार नाही. फी माफ झाली तरी तो मुलगा घरी परतणारच. म्हणून बाबासाहेबांच्या कामात सुरुवातीपासून वसतिगृहं आहेत. १९२५ च्या जानेवारीत सोलापूरला पहिलं निघालं. १९२८ मध्ये त्यांनी दलितवर्ग शिक्षण संस्था काढली आणि मुंबई सरकारच्या मदतीने माध्यमिक शाळेतल्या मुलांसाठी पाच वसतिगृहं ठरली: पनवेल, ठाणे, नाशिक, पुणे आणि धारवाड.

धारवाडच्या वसतिगृहाची जबाबदारी आली बळवंत हणमंतराव वराळे यांच्यावर. निपाणीचे हे गृहस्थ पुढे मुंबई विधानसभेत गेले, पण त्यांची खरी परीक्षा धारवाडच्या त्या स्वयंपाकघरात झाली. सरकारी अनुदान वेळेवर येत नाही, ही आजची तक्रार तेव्हाही होती. वराळ्यांच्या आठवणींमुळे महाराष्ट्रभर माहीत झालेली एक हकीकत इथली आहे. बाबासाहेब बाहेर असताना त्यांच्या पत्नी रमाबाई काही दिवस धारवाडला वराळ्यांच्या घरी राहायला आल्या होत्या. वसतिगृहाची मुलं अंगणात खेळायला येत आणि रमाबाईंना त्यांचा लळा लागला. मग एकाएकी मुलं दिसेनाशी झाली. चौकशी केली तेव्हा समजलं की धान्याचे पैसे आलेले नाहीत आणि मुलं उपाशी आहेत. रमाबाईंनी हातातल्या सोन्याच्या बांगड्या काढून वराळ्यांपुढे ठेवल्या: त्या गहाण ठेवा, विका, पण पोरांना जेवू घाला. मुलं त्यांना रमाआई म्हणू लागली ती तिथून, असं सांगतात.

ही गोष्ट रमाबाईंच्या त्यागाची म्हणून सांगितली जाते आणि तशी ती आहेच. मला तिच्यात आणखी एक माणूस दिसतो. बांगड्या घेताना वराळ्यांच्या जिवाची काय अवस्था झाली असेल? मुलं आपल्या भरवशावर घर सोडून आली आहेत, भांड्यात दाणा नाही, आणि पाहुणी आलेली बाई अंगावरचं सोनं काढून देते आहे. अनुदान, मंजुरी, हप्ता हे शब्द त्यानंतर त्या माणसासाठी नुसते सरकारी राहिले नसणार. पुढे विधानसभेच्या बाकावर बसलेल्या या माणसाला एका मंजुरीला उशीर झाला की कुणाच्या ताटात काय पडत नाही हे डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

१९३७ च्या निवडणुकीत ते उत्तर बेळगाव मतदारसंघातून स्वतंत्र मजूर पक्षाचे उमेदवार म्हणून निवडून आले. पक्ष जेमतेम सहा महिन्यांचा होता, ऑगस्ट १९३६ मध्ये स्थापन झालेला. मुंबई इलाख्यात सतरा उमेदवार उभे केले आणि त्यांतले बहुतेक निवडून आले. त्यामागे मतदानाची एक पद्धत होती, जी आता कुणाच्या लक्षात नाही. एका मतदारसंघातून एकाहून जास्त सभासद निवडायचे, मतदाराला जितक्या जागा तितकी मतं, आणि ती सगळी मतं एकाच उमेदवाराला देण्याची मुभा. संख्येने थोड्या समाजाने मतं विखरू दिली नाहीत तर त्याचा माणूस निवडून येऊ शकत असे. अर्थात मतदान सगळ्यांना नव्हतं. सारा, मिळकत किंवा शिक्षण यांची अट होती. म्हणजे ज्यांची मुलं बोर्डिंगात शिकत होती त्या आईबापांतल्या पुष्कळांना त्यांच्याच प्रतिनिधीला मत देता येत नव्हतं.

त्या विधानसभेत या पक्षाने कोकणातली खोती नष्ट करण्याचं विधेयक आणलं, कामगारांच्या संपावर बंधनं घालणाऱ्या कायद्याला विरोध केला. १० नोव्हेंबर १९३८ ला पक्षाचे सभासद पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाच्या सोयी सरकारने कराव्यात असा ठराव मांडला. तो नामंजूर झाला. पण बायकांच्या शरीरावर होणारा मुलांचा भार हा सभागृहात बोलण्याचा विषय आहे, हे त्या दिवशी नोंदलं गेलं. त्याच्याही दहा वर्षं आधी, जुलै १९२८ मध्ये, मुंबईच्या कौन्सिलात कामगार बायकांच्या बाळंतपणाच्या रजेचं विधेयक आलं तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला होता. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे आणि म्हणून त्याचा काही भार सरकारने उचलावा, असं त्यांचं म्हणणं होतं. १९२९ मध्ये तो कायदा झाला, कारखान्यांतल्या बायकांसाठी. निपाणीच्या वखारीतल्या बाईपर्यंत तो विचार पोचायला पुढे आणखी बरीच वर्षं गेली.

वराळ्यांचं पुढचं आयुष्यही वसतिगृहाला धरूनच राहिलं. बाबासाहेबांनी औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय सुरू केलं तेव्हा त्यांनी वराळ्यांना तिकडे बोलावलं आणि ते गेले. त्यांचे नातू प्रसन्ना वराळे १९६२ मध्ये निपाणीत जन्मले, औरंगाबादेत कायदा शिकले, २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती झाले आणि जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. आजोबांच्या त्या स्थलांतराशिवाय आपण इथवर आलो नसतो, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं आहे.

आता वखारीकडे.

निपाणी म्हणजे तंबाखू. भोवतालच्या काळ्या रानात पिकणारी बिडीची तंबाखू पेठेत यायची, वखारीत साठवली जायची, तिथे बायका ती कुटायच्या, चाळायच्या, तिची प्रतवारी करायच्या. दिवसभर खकाणा नाकातोंडात. खोकला, डोळ्यांची आग, अंगाला न जाणारा वास. दुसऱ्या बायका घरी बिड्या वळायच्या: टेंभुर्णीची पानं भिजवायची, कापायची, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा, मजुरी हजारावर. आईच्या शेजारी बसून मुलगी दोरा बांधायला शिकायची आणि शाळेच्या पटावरून तिचं नाव कधी गेलं ते कुणाच्या लक्षातही यायचं नाही.

या बायकांसाठी कायदा नव्हता असं नाही. १९६६ मध्ये संसदेने बिडी आणि सिगार कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायचं नाही, संध्याकाळी सातनंतर बायकांना राबवायचं नाही, बायकांची संख्या ठरावीक आकड्याच्या वर गेली की सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली ठेवायची, आणि घरी बसून बिड्या वळणारीलाही बाळंतपणाचे फायदे द्यायचे, हे सगळं त्यात होतं. वाचताना वाटतं, हा कायदा करणाऱ्यांनी एखादी वखार आतून पाहिली असावी. १९७६ मध्ये बिडीवर उपकर बसवून कामगार कल्याण निधी आला. त्यातून दवाखाने, घरं, मुलांना शिष्यवृत्त्या. १९७७ मध्ये भविष्य निर्वाह निधी लागू झाला आणि घरी वळणाऱ्याही त्यात येतात हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये मान्य केलं.

पण या प्रत्येक हक्काची किल्ली एकच: हजेरीपटावर नाव. मालक म्हणतो, ही माझी कामगार नाही, कंत्राटदाराची आहे. कंत्राटदार म्हणतो, मी पानं आणि तंबाखू देतो, ती घरी काय करते मला ठाऊक नाही. नाव नाही म्हणून कार्ड नाही, कार्ड नाही म्हणून मुलाला शिष्यवृत्ती नाही. कायदा झाल्यानंतरचं सगळं काम इथे उरतं, आणि ते सभागृहात बसून होत नाही.

निपाणीत ते काम सत्तरच्या दशकाच्या अखेरीला सुरू झालं. प्रा. सुभाष जोशी आणि त्यांच्या साथीदारांनी चिकोडी तालुका कामगार महासंघ उभा केला आणि वखारीतल्या हजारो बायका त्यात आल्या. यांतल्या कितीजणींना वाचता येत नव्हतं, पुष्कळजणी एकट्याने घर ओढत होत्या, काही देवदासी होत्या. त्यांनी किमान वेतन मागितलं, बोनस मागितला, मुकादमाच्या शिव्या ऐकायचं नाकारलं. १९८२ मध्ये 'युगांतर' या गटातल्या दीपा धनराज आणि सहकाऱ्यांनी त्यांच्यावर 'तंबाखू चाकिला ऊब आली' हा माहितीपट केला. या मंडळींनी निपाणीत काही महिने राहून, बायकांशी बोलून, त्यांनाच त्यांचे प्रसंग पुन्हा उभे करायला सांगून तो घडवला. छाया दातार यांचा या लढ्यावरचा इंग्रजी अभ्यासग्रंथही आहे. आपल्या गावच्या आयांचं बोलणं बर्लिनच्या चित्रपट-संग्रहात जपून ठेवलेलं आहे, हे निपाणीच्या प्रत्येक शाळेतल्या मुलांना माहीत असायला हवं.

माहितीपटाच्या आदल्या वर्षी, १९८१ च्या मार्चमध्ये, तंबाखूला भाव मिळावा म्हणून शेतकरी रस्त्यावर उतरले. शरद जोशींची शेतकरी संघटना आणि सुभाष जोशी यांच्या पुढाकाराने पुणे-बंगळूर महामार्गावर शेतकऱ्यांनी ठाण मांडलं. १४ मार्चपासून तीन आठवड्यांहून जास्त काळ तिथे एक वस्तीच उभी राहिली, तिला लोक आंदोलननगर म्हणत. बायका भाकऱ्या बांधून आणत. मराठी आणि कन्नड बोलणारे शेतकरी एकाच मांडवात झोपत होते. तंबाखूचा भाव कुठल्याच भाषेत परवडत नव्हता. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला आणि बारा शेतकरी गेले.

सुभाष जोशी पुढे आमदार म्हणून कर्नाटक विधानसभेत गेले. आधी संघटना, मग सभागृह, हा क्रम वराळ्यांसारखाच. दोघांचं राजकारण निराळं, काळ निराळा, राज्यसुद्धा निराळं. पण दोघेही सभागृहात पोचले तेव्हा त्यांच्यापाशी आधीच एक घर होतं: एकाचं बोर्डिंग, दुसऱ्याची संघटना. मतदारसंघातल्या कुटुंबाचं दुखणं त्यांना कुणी निवेदनातून कळवावं लागलं नाही.

भाषेचा पेच मात्र वराळ्यांना नव्हता आणि पुढच्यांना आहे. मुंबई इलाख्यात मराठी, कन्नड, गुजराती सगळेच होते. धारवाडच्या बोर्डिंगातल्या मुलाने कुठल्या भाषेत भूक सांगायची हा प्रश्न नव्हता. आज २२४ जणांच्या कर्नाटक विधानसभेत बेळगाव जिल्ह्याचे १८ आमदार आहेत आणि २०१२ मध्ये उभ्या राहिलेल्या सुवर्ण विधानसौधात, बेळगावातच, हिवाळी अधिवेशन भरतं. राज्यघटनेच्या २१० व्या कलमाप्रमाणे राज्याची भाषा, हिंदी किंवा इंग्रजी यांत नीट बोलता न येणाऱ्या सभासदाला अध्यक्ष मातृभाषेत बोलायची परवानगी देऊ शकतात. परवानगी देऊ शकतात, एवढंच. आणि ३५० क कलम सांगतं की भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय राज्याने करावी. सीमाभागातल्या सरकारी मराठी शाळा या कलमाच्या बळावर उभ्या आहेत. त्या शाळेत शिक्षकाची जागा रिकामी असेल तर ती भरून घेणं हे आमदाराचं काम आहे, मग तो कुठल्याही पक्षाचा आणि कुठल्याही भाषेचा असो.

दूरचं एक उदाहरण इथे उपयोगी पडेल. ब्रिटनमधल्या वेल्स या छोट्या देशाची स्वतःची संसद कार्डिफला आहे, तिला सेनेद म्हणतात. तिथे सभासद वेल्श किंवा इंग्रजी, हव्या त्या भाषेत बोलतो आणि भाषांतराची व्यवस्था संसद करते. परवानगी मागावी लागत नाही. २०२० च्या कायद्याने तिथे सोळा वर्षांच्या मुलांना मताचा अधिकार मिळाला. त्याआधी, २०१८ मध्ये, अकरा ते अठरा वयाच्या साठ मुलामुलींची युवा संसद निवडली गेली. तिथला आमदार मुलांच्या प्रश्नावर बोलतो तेव्हा समोर बोलणारी मुलं असतात. आपल्याला हे अगदीच परकं आहे असं समजू नये. कर्नाटकात ग्रामपंचायतींनी वर्षातून एकदा मुलांची ग्रामसभा घ्यायची असते, 'मक्कळ ग्रामसभा'. शाळेच्या संडासाला पाणी नाही, रस्त्यावर दिवा नाही, हे पोरं पंचायतीला तोंडावर सांगू शकतात. ज्या गावात मुलं मराठी बोलतात तिथे ही सभा मराठीत झाली तरच तिचा उपयोग.

आजचं चित्र थोडक्यात. निपाणीच्या आमदार शशिकला जोल्ले २०१९ मध्ये राज्याच्या महिला व बालविकास मंत्री झाल्या. त्या मंत्रिमंडळात त्या एकट्याच महिला होत्या. अंगणवाड्या याच खात्याकडे. अंगणवाडी ही योजना १९७५ ची, आणि सहा वर्षांखालची मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आया यांच्या आहार, लसीकरण आणि तपासणीचा सगळा भार तिथल्या ताईंवर असतो. कर्नाटकाने २०१७ मध्ये 'मातृपूर्णा' योजनेत गरोदर बाईला अंगणवाडीत गरम जेवण द्यायला सुरुवात केली. २०२३ नंतर रोजगार हमीवर जाणाऱ्या आयांच्या मुलांसाठी ग्रामपंचायतींत 'कूसिन मने' निघाली, म्हणजे बाळाचं घर. उद्दिष्ट चार हजारांचं. १९६६ च्या बिडी कायद्यात मालकाने ठेवायची म्हणून लिहिलेली ती मुलांची खोली आता पंचायतीच्या दारात आली आहे. ती सकाळी किती वाजता उघडते आणि आईची पाळी सुटेपर्यंत चालू राहते का, एवढं जरी एखाद्या आमदाराने आपल्या मतदारसंघात फिरून पाहिलं तरी खूप काही हलेल. कर्नाटकातल्या प्रत्येक आमदाराला वर्षाला दोन कोटी रुपयांचा स्थानिक विकास निधी असतो. सभामंडप आणि कमान यांच्यापलीकडे त्यात अभ्यासिकाही बसते.

बिडीचा धंदा उतरला आहे. बिडी ही घातक वस्तू आहे आणि ती कमी व्हावी हेच बरं. पण जिने चाळीस वर्षं बिड्या वळल्या तिला दुसरं काम कोण देणार, याचं उत्तर देण्याआधीच २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि कल्याण निधीचा उपकर बंद झाला. मुलांची शिष्यवृत्ती केंद्राच्या तिजोरीतून चालू आहे: पहिलीच्या मुलाला वर्षाला एक हजारापासून व्यावसायिक शिक्षणाला पंचवीस हजारांपर्यंत. ती केंद्राची असल्यामुळे तिला राज्याची सीमा लागत नाही. आईजवळ बिडी कामगाराचं ओळखपत्र असेल, त्यावर तिचं नाव नीट लिहिलेलं असेल आणि मुदतीत अर्ज भरला असेल, तर निपाणीची मुलगी त्या पैशावर अर्जुननगरच्या वर्गात बसू शकते. फॉर्म भरून देणारं कुणीतरी मात्र जवळ असावं लागतं.